आडदिवशी आई काय करेल?

"मला आता जव्हारला जाऊन राहायचंय," आईनं ताट पुढ्यात ओढता ओढता सांगितलं, आणि डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात दोघांच्या हातातला घास हातातच राहिला.

मोठा मुलगा नाशिकला नोकरी करतो. घरात त्याला दादा म्हणतात. मुलगी ठाण्याला राहते; ती धाकटी. वडील जाऊन दोन वर्षं झाली. आई ७२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिची पहिली नेमणूक १९७५ साली मोखाडा तालुक्यात खोडाळ्याच्या बाजूला झाली. कसाऱ्याला गाडीतून उतरायचं आणि विहीगावमार्गे एसटीनं वर जायचं. तेव्हा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. पुढे बदली जव्हारला, मग कल्याण तालुक्यात, आणि मग उरलेलं सगळं आयुष्य डोंबिवलीत.

हे कुटुंब प्रातिनिधिक आहे. मुंबई, ठाणे, नाशिककडच्या कितीतरी घरांत आज हा वाद चालतो. त्याच्या दोन्ही बाजू इथे दादाच्या आणि धाकटीच्या तोंडी घातल्या आहेत. ज्या गावांविषयी ते भांडतात ती गावं, तिथले रस्ते, कायदे आणि अडचणी मात्र आहेत तशाच.

दादानं सुरुवात अंतरापासून केली. "जव्हार ते नाशिक जवळजवळ ऐंशी किलोमीटर. मध्ये तोरंगण घाट. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढच्या गाडीचा दिवा दिसत नाही. रात्री दोन वाजता हिला काही झालं तर?"

"काही झालं तर, हे इथंही आहेच ना?" धाकटी म्हणाली. "बाबांना आपण खुर्चीवर बसवून चार मजले खाली आणलं होतं. लिफ्ट बंद होती. विसरलास?"

दादा विसरला नव्हता. त्या जिन्यामुळेच तर तो अंतराचा हिशेब घालत होता.

हा हिशेब नीट मांडायला हवा, कारण म्हातारपणी राहण्याची जागा निवडताना बहुतेक घरांत 'जवळ दवाखाना आहे का' एवढाच प्रश्न विचारला जातो आणि 'आहे' या उत्तरावर समाधान मानलं जातं. जव्हारमध्ये पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्यात ग्रामीण रुग्णालय आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहे. रक्तदाब, साखर, ताप, जखमेला टाके, सर्पदंशावरच्या प्रतिविषाची पहिली मात्रा यांसाठी माणसाला घाट उतरावा लागत नाही. पण हृदयाची अँजिओप्लास्टी किंवा मेंदूवरचा तातडीचा उपचार म्हटलं की नाशिक, ठाणे, मुंबई नाहीतर सिल्वासा. रक्ताच्या गुठळीमुळे आलेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. जव्हार गावातून वेळेवर निघालं तर हे गणित कसंबसं जुळतं. एखाद्या पाड्यावरून, रात्री, आषाढात निघालं तर जुळेलच असं नाही.

"म्हणजे खोडाळा नको," धाकटीनं एक पाऊल मागे घेतलं. "जव्हार शहर. आई म्हणालीही जव्हारच."

"शहर म्हणतेस त्याला? बारा हजार वस्ती."

"नगरपरिषद १९१८ सालची आहे दादा. तुझ्या नाशिकमधल्या कॉलनीला वीस वर्षंसुद्धा झाली नाहीत."

जव्हारला शहर म्हणणं त्याच्या इतिहासाकडे पाहिलं तर खोटं नाही. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवरचं हे गाव महादेव कोळी मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होतं. परंपरेनं या राज्याची सुरुवात चौदाव्या शतकात, जयबा मुकणे यांच्यापासून सांगतात. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झालं. राजे यशवंतराव मुकणे यांचा जयविलास राजवाडा गावाबाहेर टेकडीवर उभा आहे. जवळच शिरपामाळ आहे. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम तिथं पडला होता, असं सांगितलं जातं. हवा थंड, रस्ते उताराचे, बाजारपेठ पायी फिरता येईल एवढी. 'ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर' हे नाव गावाला यामुळेच पडलं. एसटीचं आगार गावातच आहे, आणि त्याचं महत्त्व म्हाताऱ्या माणसाला तरुणापेक्षा जास्त. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास पूर्ण मोफत आहे. आई आज अर्ध्या तिकिटात त्र्यंबकेश्वरला जाऊन येऊ शकते. आणखी तीन वर्षांनी तेवढंही तिकीट लागणार नाही.

आजारपण झालं, रस्ता झाला. मग धाकटीनं तिचा खरा मुद्दा काढला.

"आईला तिथल्या गोष्टींची आवड आहे. गेल्या चैत्रात मी तिला बोहाड्याला घेऊन गेले होते. रात्रभर बसली होती. पहाटे मला झोप आवरेना, आणि ही संबळाच्या ठेक्यावर मान डोलवत होती. वर्षभरात मी तिला तेवढी जागी पाहिलेली नाही."

बोहाडा हा जव्हार-मोखाड्याचा मुखवट्यांचा उत्सव. होळीनंतर गावोगाव त्याच्या रात्री लागतात. कागदाच्या लगद्याचे आणि लाकडाचे रंगवलेले मुखवटे चढवून गणपती, सरस्वती, रामायण-महाभारतातले देव, राक्षस एकेक करून टेंभ्यांच्या उजेडात येतात. संबळ आणि सनईच्या तालावर नाचत जातात. त्यांना सोंगं म्हणतात. एखादं सोंग एखाद्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं असतं, आणि तो मान ते घर सोडत नाही. शेवटी देवी येते आणि महिषासुराशी लढते. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा पाहायला दूरदूरची माणसं येतात.

"रात्रभर बसली, कबूल," दादा म्हणाला. "पण ती एक रात्र. मराठीत सणवार नसलेल्या दिवसाला काय म्हणतात, आई?"

"आडदिवस," आई म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदा बोलली होती.

"तर बोहाड्याच्या रात्री सोडल्या, तर बाकीच्या आडदिवसांचं काय? दुपारी तीन वाजता आई काय करेल? तारपा म्हणशील तर तोसुद्धा वर्षभर वाजत नाही. भात पिकायला लागलं की वाजतो, दिवाळीच्या आसपास थांबतो. तू आवड सांगतेस ती सणाची सांगतेस. राहायचं आडदिवसात आहे."

या प्रश्नाला धाकटीकडे लगेच उत्तर नव्हतं.

आवडीप्रमाणे म्हातारपणाची जागा निवडणं आपल्याकडे नवं नाही. ज्याला विठोबाची ओढ तो पंढरपूरला जाई, ज्याला ज्ञानेश्वरीची तो आळंदीला, वेदशास्त्र ऐकायचं असेल तो वाईला किंवा नाशिकला; ऐपत आणि धीर असलेला काशीवासाला. त्या निवडीत एक शहाणपण होतं. आळंदीत एकादशी महिन्यातून दोनदाच येते, पण काकडा रोज होतो, हरिपाठ रोज होतो, इंद्रायणीवर रोज माणसं भेटतात. क्षेत्राची जत्रा वर्षातून एक-दोनदा भरते. क्षेत्रात राहणाऱ्याचा दिवस मात्र रोजच्या रोज भरतो. आजच्या आई-वडिलांची आवड वेगळी असेल. कुणाला पक्षी, कुणाला कोर्टकचेरीतले जुने कागद, कुणाला शेती, कुणाला नाटक. तरी कसोटी हीच लागते: त्या आवडीचं रोज सकाळी उठून करायचं काम कोणतं, आणि ते कुणाबरोबर?

दादाकडे स्वतःचा पर्याय तयार होता. "माझ्या शेजारच्या इमारतीत तळमजल्यावरची जागा आहे. नाहीतर पुण्यात ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या वसाहती आहेत, अथश्रीसारख्या. बाथरूममध्ये धरायला दांडे, उतार, जेवणाची सोय, बोलावल्यावर येणारी नर्स. समवयस्क माणसं. काय वाईट आहे?"

"काहीच वाईट नाही. ज्याला मानवेल त्याच्यासाठी उत्तम आहे," धाकटी म्हणाली. "पण आईला काय मानवतं? तिला भजनी मंडळ आवडत नाही. तिला सहली आवडत नाहीत. तिला कुणी करमणूक केलेली आवडत नाही. आयतं मिळालं की ती आजारी पडते."

धाकटीनं सहज म्हटलेल्या या शेवटच्या वाक्याला वार्धक्यशास्त्रात आधार आहे. पॉवेल लॉटन आणि ल्युसिल नाहेमोव या अमेरिकी अभ्यासकांनी १९७३ मध्ये एक मांडणी केली, ती आजही शिकवली जाते. प्रत्येक जागा माणसाकडून काही मागते: चढायला पायऱ्या, ओळखायला रस्ते, बोलायला माणसं. माणसाच्या अंगी असलेल्या बळापेक्षा जागा फार जास्त मागायला लागली तर तो मोडतो. पण ती फारच कमी मागायला लागली तरी तो मिटत जातो. म्हणून तळमजला, लिफ्ट, डबा, नर्स ही यादी पुरी झाली की जागा चांगली ठरली, असं होत नाही. जागेनं थोडं मागितलंही पाहिजे.

दुसरा पुरावा माणसांचा आहे. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती त्यात होती. ज्यांची इतरांशी नाती घट्ट होती, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. दादाच्या साडेचार तासांच्या समोर ठेवण्यासारखा हा आकडा आहे. दवाखान्यापासूनचं अंतर जसं मोजतात, तसं ओळखीच्या उंबरठ्यापासूनचंही मोजायला हवं.

"ठीक आहे. ओळखीचा उंबरठा," दादा म्हणाला. "पण तिथं उंबरठ्याआड कोण असणार आहे? दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरं कुलपात. माणसं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, कल्याण-नाशिकच्या बांधकामांवर. होळीला तेवढी घरी येतात. तुझी हवा छान असते थंडीत, आणि थंडीतच माणसं नसतात."

हे खरं आहे, आणि जव्हार-मोखाड्याविषयी लिहिताना ते धुक्याच्या आणि धबधब्यांच्या आड ठेवता येत नाही. दोन्ही तालुक्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. पावसाळ्यात शेती, नंतर हाताला काम नाही, म्हणून स्थलांतर. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग देशभर चर्चेत आला. त्यानंतर योजना आल्या, संस्था उभ्या राहिल्या; बाएफ या संस्थेनं डोंगरउतारावर आंबा-काजूच्या वाड्या करायला साथ दिली, मोखाड्यात आरोहणसारखी संस्था पाणी आणि पोषणावर काम करते आहे. तरी माणसं अजून भट्टीवर जातात.

आणि पाणी. मोखाडा तालुक्यातच, कोचाळे गावाजवळ, मुंबई महापालिकेनं बांधलेलं मध्य वैतरणा धरण आहे. १०२ मीटर उंच. २०१४ पासून त्याचं पाणी मुंबईला जातं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो आणि बाया हंडे लावून बसतात.

"म्हणजे आई तिथं जाऊन त्यांच्या टँकरमधलं पाणी पिणार," दादा म्हणाला. आवाजात आता वादापेक्षा दुःख जास्त होतं. "मुंबई इतकी वर्षं वैतरणेचं पाणी पीत आली. आता आपण तिथं जाऊन त्यांचं प्यायचं."

धाकटी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणूनच पाड्यावर नको, मे महिन्यात नको. जव्हार शहराला जयसागरचं पाणी आहे. तिथं राहायचं, आणि उन्हाळा कडक झाला की परत यायचं."

जागेचा मुद्दा निघाला तेव्हा दादाच्या मोबाईलवर एक जाहिरात होती. कार्यालयातल्या एकानं पाठवलेली: जव्हारजवळ दहा गुंठे, डोंगराचं दृश्य, 'कागदपत्रांची काळजी आम्ही घेऊ'. भाव डोंबिवलीतल्या एका खोलीपेक्षा कमी.

"हे मी घेणार नाही," त्यानं सांगितलं, आणि या एका बाबतीत बहीण-भावाचं पहिल्याच वाक्यात जुळलं.

न घेण्याची कारणं ठाऊक असायला हवीत. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. विक्रीला तर शासनाची पूर्वमान्यता लागते. पाच वर्षांच्या आतल्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. शिवाय जो शेतकरी नाही त्याला १९४८ च्या कुळकायद्यातलं कलम ६३ शेतजमीन घेऊ देत नाही. तेव्हा नोटरी करून देतो, साठेखत करून ठेवू, दुसऱ्याच्या नावावर घेऊ, असं कुणी म्हणालं तर ती जमीन म्हातारपणाचा आधार होत नाही. ती कोर्टाची तारीख होते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्या माणसांच्या सहवासासाठी आई तिथं जाणार, त्यांच्याच हातातली वरकस जमीन काढून घेऊन तिथं तिचं घर कसं बांधायचं?

म्हणून जव्हार नगरपरिषदेच्या हद्दीत, स्वच्छ कागदपत्रं असलेलं, तळमजल्यावरचं भाड्याचं घर. भाड्याच्या घराचा दुसरा फायदा असा, की ते सोडता येतं. राहून पाहिल्याशिवाय जागा कळत नाही. आणि विकत घेतली की माणूस पाहणं थांबवतो, स्वतःची समजूत घालायला लागतो.

"अनुताई वाघ नाही राहिल्या कोसबाडला?" धाकटी म्हणाली. "याच जिल्ह्यात. आयुष्यभर."

"अनुताई १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या," दादा म्हणाला. "बालशिक्षणाचं काम घेऊन आल्या, कामात म्हाताऱ्या झाल्या. आई बहात्तराव्या वर्षी जाणार. तिथं जाऊन तिनं काय काम करायचं? शाळेला शिक्षक आहेत."

तेव्हा आई उठली. दिवाणाखालची पेटी तिनं पायानंच पुढे सरकवली, कारण वाकता येत नाही, आणि धाकटीला उघडायला सांगितली. आत वह्या होत्या. सात-आठ. शाळेतल्या हजेरीच्या जुन्या वह्यांच्या उलट्या बाजूनं लिहिलेल्या.

"मला बोहाडा आवडतो," आई म्हणाली, "पण बोहाड्यासाठी मी जात नाही. तुम्ही दोघं माझ्या आवडीवर तासभर भांडलात. ती कोणती, हे एकानंही विचारलं नाही."

वह्यांत शब्द होते. राब भाजायचा म्हणजे कोणता पालापाचोळा घ्यायचा. आवण कधी उपटायचं. नागली आणि वरई वरकस जमिनीत कोणत्या क्रमानं घ्यायची. लग्नात चौक लिहिणाऱ्या सवाशिणी कुणाच्या घरच्या असाव्यात, लग्न लावणाऱ्या धवलेरीनं गाणं कुठून उचलायचं. कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, गोष्ट तीन वेगवेगळ्या बायांनी तीन प्रकारे सांगितलेली, तिन्ही उतरवलेल्या. प्रत्येक नोंदीपुढे सांगणाऱ्या बाईचं नाव आणि तारीख. शाळेत मुलं जे शब्द बोलत ते पाठ्यपुस्तकात नव्हते. एका तरुण शिक्षिकेला मुलांचं बोलणं कळावं म्हणून ही वही सुरू झाली होती.

"मी तिथं शिकवायला जाणार नाही," आई म्हणाली. "विचारायला जाणार. आणि दादा, तू म्हणालास दिवाळीनंतर पाड्यावर कुणी नसतं. असतं रे. तरणी माणसं भट्टीवर जातात. म्हाताऱ्या बाया आणि ज्यांना चालवत नाही ती म्हातारी माणसं घर राखायला मागे राहतात. माझ्या वयाची. मला तीच हवीयत. दुपारी तीन वाजता त्यांनाही वेळ असतो आणि मलाही."

दादानं एक वही हातात घेतली. बराच वेळ त्यानं पान उलटलं नाही.

इथून पुढचं बोलणं भांडणाचं राहिलं नाही, तपशिलाचं झालं. जागा निवडण्याचा खरा भाग इथूनच सुरू होतो, आणि बहुतेक घरं इथपर्यंत पोहोचतच नाहीत. मुलं आवड गृहीत धरतात. आईला निसर्ग आवडतो, मग डोंगर. बाबा देवभोळे आहेत, मग त्र्यंबक. आवडीचं नाव सापडतं, तिची कृती सापडत नाही. इथं कृती सापडली: चार म्हाताऱ्या बायांशी बसून बोलणं, घरी येऊन ते लिहून काढणं. त्या कृतीला काय लागतं ते आता मोजता येतं. चालत किंवा रिक्षानं जाता येतील अशा अंतरावरचे पाडे. लिहायला उजेड आणि टेबल, कारण मांडी घालून बसवत नाही. आठवड्यातून तीन दिवस पुरेल एवढा आवाज आणि दम. आणि त्या बायांची राजीखुशी. त्यांचं ज्ञान त्यांच्या नावानं राहील, त्याची एक प्रत पाड्यावरच्या शाळेत जाईल, ही आईनं स्वतः घातलेली अट.

दादाच्याही अटी आल्या, आणि आता त्या अडवणुकीच्या नव्हत्या. न्हाणीघरात दांडे आणि खरखरीत फरशी. जगभरात अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि त्यात साठीपुढची माणसं सगळ्यात जास्त. तीन महिन्यांची औषधं घरात. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारं आयुष्मान कार्ड, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं, आधीच काढून ठेवायचं, आणि ते नाशिकच्या कोणत्या रुग्णालयात चालतं हे आधीच विचारून घ्यायचं. रात्री सोबतीला कुणीतरी. ओळखीचा एक गाडीवाला, ज्याला घाट पाठ आहे. पक्षाघाताची लक्षणं, चेहरा वाकडा होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, घरमालकिणीलाही माहीत असणं. आणि हे सगळं करूनही वेळ टळली नाही तर कुणी कुणाला दोष द्यायचा नाही, हे आज तिघांनी बोलून ठेवायचं. शेवटची अट सांगताना त्याचा आवाज जड झाला. आई म्हणाली, "हे मीच सांगणार होते."

मुक्काम ठरला तो दसऱ्यापासून होळीनंतरच्या बोहाड्यापर्यंत. आधी फक्त एक महिना, कोजागिरीनंतर. तो जमला तर पुढचे. बोहाड्याला धाकटी येणार. उन्हाळा वाढला की डोंबिवली किंवा नाशिक.

"आणि पावसाळा?" आईनं विचारलं.

"पावसाळा नाही," दोघंही एकदम म्हणाले.

"माझी निम्मी वही पावसाळ्याची आहे."

तिनं मधली एक वही काढून पान उघडलं. शेवळं. पहिल्या पावसानं जमिनीतून वर येणारी ही रानभाजी आठ-पंधरा दिवसच मिळते. घसा खाजतो, म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळं घालतात. नुसत्या चिंचेवर पुष्कळांचं भागत नाही. आईनं कृती उतरवली होती: शेवळं कशी सोलायची, आतला कुठला भाग काढून टाकायचा, काकडं कशी ठेचायची. तारीख जून १९७८. 'काकडं किती' असं लिहून पुढची जागा मोकळी होती.

"ती म्हणाली होती, उद्या करून दाखवते. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, मग लावणी लागली, मग माझी बदली," आई म्हणाली. "ती असेल की नाही ठाऊक नाही. तिची सून असेल."

तिच्या गुडघ्यांना सगळ्यात वाईट असलेला महिना आणि तिच्या वहीला सगळ्यात हवा असलेला महिना एकच आहे, यावर त्या रात्री कुणाकडेच उत्तर नव्हतं. दादानं मोबाईलमधली जाहिरात पुसली, पुढच्या वर्षाचं कॅलेंडर काढलं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आठ दिवसांची रजा लिहिली.

"गाडी मी चालवणार," तो म्हणाला. "घाटात धुकं असलं तर मोखाड्याला थांबायचं. आणि पाड्यावर उतरताना तू माझा हात धरायचास."

"धरेन," आई म्हणाली, आणि धाकटीकडे वळून, "तू वही धर. भिजू देऊ नकोस."